फोटोचा फ्लॅश, व्हिडिओचा एलईडी आणि सामान एकच

लग्नाची ऑर्डर देताना खान्देशातली पार्टी आता एका दमात सांगते, "भाऊ, फोटो पाहिजेत, व्हिडिओ पाहिजे, आणि हळदीची रील रात्रीच टाकायची." फोटोला फ्लॅश बरा, व्हिडिओला सतत चालणारा लाइट लागतोच. नवीन मुलगा मग दोन्हीसाठी वेगवेगळं सामान घ्यायला निघतो. चार स्टँड, दोन सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरा पडदा असलेला, उजेड मऊ करणारा कापडी डबा), दोन छत्र्या, वर दिवे. एवढं सगळं मोटारसायकलवर बांधून चोपड्याहून शिरपूरला न्यायचं म्हटलं तर सामानच बघत बसावं लागतं, फोटो राहतात बाजूला.

याची गरज नाही. स्टँड, छत्री, सॉफ्टबॉक्स, ग्रिड (उजेड बाजूला सांडू न देणारी जाळी) हे सगळं फ्लॅशला आणि एलईडीला मिळून एकच चालतं. बदलतो तो फक्त मधला दिवा. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या. सॉफ्टबॉक्स दिव्याला बसला, खटका लागला, म्हणजे तो त्या दिव्यावर नीट काम करेलच असं नाही. वजन, उष्णता, उजेड पसरायची तऱ्हा आणि उजेडाचा तोटा या चार ठिकाणी गडबड होते. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: स्टँडचं टोक तपासा

स्टँडच्या टोकाला जो धातूचा खुंट असतो त्याची जाडी ५/८ इंच, म्हणजे १६ मिलिमीटर असते. बहुतेक सगळे स्टुडिओ फ्लॅश आणि सीओबी एलईडी (बल्बसारखा एकाच ठिकाणाहून उजेड देणारा, पुढे सॉफ्टबॉक्स लागणारा) याच खुंटावर बसतात. दिव्याच्या खालच्या भोकात खुंट घालायचा आणि बाजूची किल्ली आवळायची, झालं. त्यामुळे स्टँडपुरतं फ्लॅश आणि एलईडी हा भेद उरतच नाही.

अडचण येते ती स्वस्तातल्या स्टँडची. रिंगलाइटबरोबर येणाऱ्या पातळ स्टँडला वर फक्त पाव इंचाचा स्क्रू असतो, खुंट नसतोच. काही स्टँडवर खुंट असतो, पण तो पाइपात नुसता खोचलेला प्लास्टिकचा तुकडा. दुकानात उभे असतानाच खुंट बोटांत धरून फिरवून बघा. धातूचा असेल आणि डगमगत नसेल तरच पैसे काढा. खुंटावर पाव इंच किंवा ३/८ इंचाचे आटे असतील तर आणखी चांगलं. छोटा एलईडी पॅनल किंवा फ्लॅश गनचं (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचं) ब्रॅकेट थेट तिथे बसतं.

आता वजन. फ्लॅश गन बॅटरीसकट साधारण अर्ध्या किलोची. ६० वॉटचा सीओबी एलईडी दीड किलोच्या आसपास, त्याहून मोठे दोन-तीन किलोचे, आणि त्यात सॉफ्टबॉक्सचं वजन वेगळं. गनसाठी घेतलेला हलका स्टँड एलईडी उचलतो खरा, पण दोन मीटरवर नेलात की मान डोलावायला लागतो. दोन्हीसाठी एकच स्टँड घ्यायचा असेल तर तो सगळ्यात जड दिव्याच्या हिशेबाने घ्या. फ्लॅश गन जाड स्टँडवर ठेवली तर काही बिघडत नाही, उलट केलं तर नवरीच्या मावशीच्या डोक्यावर येईल.

स्टँड उघडताना दोन सवयी लावून घ्या. पाय इतके फाकवू नका की मधला पाइप जमिनीला टेकेल. टेकला की भार पायांवर न राहता पाइपावर येतो आणि स्टँड गरकन फिरतो. आणि उंची वाढवताना खालचा जाड भाग आधी उघडा, वरचा बारीक पाइप सगळ्यात शेवटी, तोही लागला तरच. पुष्कळ जण वरून सुरुवात करतात, कारण ती किल्ली हाताशी असते.

पायरी २: सगळं एका माउंटवर आणा

दिव्याच्या तोंडाशी सॉफ्टबॉक्स जिथे अडकतो तो जोड म्हणजे माउंट. आपल्याकडे सर्रास मिळतो तो बोवेन्स माउंट, तीन नख्यांचा. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, माउंट मात्र राहिला, कारण गोडॉक्सपासून अप्युचरपर्यंत अनेक कंपन्यांनी तो उचलला होता. आज स्टुडिओ फ्लॅशही त्या माउंटचा मिळतो आणि सीओबी एलईडीही. प्रोफोटो आणि एलिन्क्रोम यांचे माउंट वेगळे आहेत. चांगले आहेत, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. तालुक्याच्या गावी ऐन लग्नात रिंग तुटली तर बोवेन्सची रिंग शेजारच्या फोटोग्राफरकडे मिळते, बाकीच्यांची मिळत नाही.

तुमच्याकडे फक्त फ्लॅश गन असेल तर एस टाइप ब्रॅकेट घ्या. त्यात गन आडवी ठेवून वरून आवळतात. ब्रॅकेटच्या पुढच्या तोंडाला बोवेन्स माउंट असतो आणि खाली स्टँडचं भोक. छत्रीची दांडी घालायलाही त्यात जागा असते. गनसाठी घेतलेला सॉफ्टबॉक्स उद्या एलईडी आल्यावर तसाच वापरायचा, तर मधला दुवा हे ब्रॅकेटच आहे.

लहान हातातले एलईडी बऱ्याचदा स्वतःचा छोटा माउंट घेऊन येतात. त्यांना बोवेन्सची जोडरिंग मिळते का, हे दिवा घेण्याआधीच विचारा. चपटे चौकोनी पॅनल या भानगडीत बसत नाहीत. त्यांना पुढे लावायचं कापड त्या-त्या पॅनलच्या मापाचं येतं, दुसऱ्या कशालाही लागत नाही. सामान सामायिक ठेवायचं असेल तर पॅनल ही तुमची पहिली खरेदी नव्हे.

सॉफ्टबॉक्स चढवताना दिवा आडवा धरा, तीन नख्या तीन खाचांत घाला आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. टक् असा आवाज यायला हवा. आवाज आला तरी एकदा उलटं फिरवून बघा. खटका न दाबता फिरला, तर बसलेलाच नाही.

मोठा ऑक्टा (आठ कोनी सॉफ्टबॉक्स), म्हणजे १२० सेंटिमीटर किंवा जास्त, दिव्याच्या तोंडावर टांगला की त्याचं सगळं वजन त्या तीन नख्यांवर येतं. फ्लॅश गनचं एस ब्रॅकेट किंवा हलक्या एलईडीची प्लास्टिकची मान इथेच वाकते. यावर उपाय म्हणजे सॉफ्टबॉक्सची रिंगच स्टँडला धरून ठेवणारं ब्रॅकेट. मग सॉफ्टबॉक्स स्टँडवर उभा राहतो आणि दिवा मागून त्यात खोचायचा. रील झाली, एलईडी काढा, फ्लॅश घाला. सॉफ्टबॉक्स इंचभरही हलत नाही. दोन्ही प्रकारचं काम करणाऱ्याला यापेक्षा कामाची वस्तू नाही, आणि दुकानदार ती स्वतःहून दाखवत नाही.

पायरी ३: उष्णतेचा विचार करा, तोही आपल्या उन्हाळ्याच्या हिशेबाने

फ्लॅश क्षणभर चमकतो आणि गप्प बसतो. त्यामुळे फ्लॅशसाठी शिवलेल्या कापडी सॉफ्टबॉक्सना उष्णतेशी फारसा सामना करावा लागत नाही. सतत चालणाऱ्या दिव्याचं तसं नाही.

पहिला नियम जुन्या सनगनचा. कित्येक स्टुडिओंत ८०० किंवा १००० वॉटचे हॅलोजन अजून माळ्यावर आहेत. वडिलांच्या काळचे, फुकटात मिळतात. त्यांच्यावर फ्लॅशचा नायलॉनचा सॉफ्टबॉक्स कधीही चढवू नका. कापड वितळतं, पेटही घेऊ शकतं, आणि आजूबाजूला मांडवाचं कापड असतंच. हॅलोजनसाठी उष्णता सहन करणारं वेगळं कापड येतं. ते नसेल तर उजेड पांढऱ्या भिंतीवर मारून घ्या आणि दिवा पडद्यांपासून लांब ठेवा. साधा जिलेटिन (रंगीत पारदर्शक) कागदही त्याच्या तोंडाशी चिकटवायचा नाही.

एलईडी खूप थंड असतो हे निम्मं खरं आहे. त्याच्या उजेडात उष्णता कमी असते, पण मागचा धातू चांगलाच तापतो आणि पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. म्हणून सॉफ्टबॉक्सचं मागचं कापड, पावसाळी कव्हर किंवा अडकवलेली पिशवी पंख्याच्या जाळीवर येऊ देऊ नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या मंगल कार्यालयात तर त्याहून वाईट. दिवा जी हवा आत ओढतो तीच तापलेली असते. अशा वेळी कित्येक एलईडी आपोआप उजेड कमी करतात किंवा बंद पडतात. पूर्ण शंभरावर चालवण्याऐवजी सत्तर-ऐंशीवर चालवा, आणि रीलचे दोन शॉट घेण्याच्या मधे बंद करा.

एलईडीच्या तोंडाला प्रवासासाठी काळं प्लास्टिकचं झाकण असतं. ते काढल्याशिवाय दिवा लावायचा नाही. हे वाचून हसू येईल, पण मंद प्रकाशात, घाईत, मागून कोणीतरी "लाइट लाव लाइट लाव" करत असताना झाकण राहतं, आणि दोन मिनिटांत ते मऊ होऊन चिपवर बसतं.

स्टुडिओ फ्लॅशमधे मॉडेलिंग लॅम्प (उजेड कुठे पडेल ते आधी दाखवणारा दिवा) असतो, काहींत १५० वॉटचा टंगस्टनचा. तोही सततचाच दिवा आहे. छोट्या सॉफ्टबॉक्समधे, किंवा स्नूट (उजेड अरुंद करणारं नळकांडं) लावलेला असताना, तो तासभर चालू ठेवू नका.

पायरी ४: उजेडाचा हिशेब कागदावर करा

६० वॉटचा एलईडी, कॅमेऱ्याचा शटर १/१२५. शटर उघडा असताना दिव्याने किती वीज खाल्ली? ६० भागिले १२५, म्हणजे जेमतेम अर्धा वॉट-सेकंद. शेजारी २०० वॉट-सेकंदाचा फ्लॅश आहे, तो एका झटक्यात सगळेच्या सगळे दोनशे मोकळे करतो. चारशे पट. एलईडी विजेचं उजेडात रूपांतर जास्त चांगलं करतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरतो. तरी सात स्टॉपच्या आसपास धरून चाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

याचा अर्थ एलईडी वाईट असा नाही. शटर लांबवला की तो भरपाई करतो. सोन्याचा हार ट्रायपॉडवरून काढताना शटर एक सेकंद ठेवा, तोच एलईडी ६० वॉट-सेकंद देतो. हार हलत नाही, त्यामुळे चालतं. नवरदेव हलतो.

मॉडिफायरच्या (छत्री, सॉफ्टबॉक्स अशा दिव्यापुढच्या सामानाच्या) बाबतीत हे आकडे थेट उपयोगी पडतात. सॉफ्टबॉक्सचे दोन पडदे मिळून उजेड दीड-दोन स्टॉपने खातात, वर ग्रिड लावली की आणखी एक. फ्लॅशकडे इतका साठा आहे की त्याला हे जाणवत नाही, एका बटणाने वाढवून टाकता येतं. एलईडीला मात्र तीन स्टॉप गेले म्हणजे आयएसओ ४०० वरून ३२०० वर. म्हणून तोच सॉफ्टबॉक्स एलईडीवर लावताना आतला पडदा काढा, ग्रिड खरंच लागत असेल तरच ठेवा, आणि दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. तीन मीटरवरचा स्टँड दीड मीटरवर आणला तर दोन स्टॉप फुकटात परत मिळतात. फ्रेममधे स्टँडचा पाय येतो, त्यासाठी फ्लॅशच्या वेळी घेतलेला बूम (दिवा पुढे टांगायचा आडवा दांडा) इथेही कामाला येतो.

दुपारच्या उन्हात हा हिशेब पार कोलमडतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत प्री-वेडिंग करायची टूम आहे. बागेत आत हिरवी सावली, बाहेर लख्ख ऊन. भर उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, आणि ६० वॉटचा एलईडी एक मीटरवर काही हजार लक्स देतो, तोही सॉफ्टबॉक्सशिवाय. दिवा चालू आहे की बंद, हे चेहऱ्यावर दिसतही नाही. तिथे स्टँड आणि ऑक्टा तोच ठेवा, दिवा फ्लॅशचा घाला. पानांतून येणारा हिरवट रंग चेहऱ्यावरून पुसायलाही फ्लॅशच लागतो. व्हिडिओ त्याच बागेत संध्याकाळी पाचनंतर घ्या, तेव्हा एलईडी दिसायला लागतो.

पायरी ५: कोणता मॉडिफायर दोघांना चालतो

छत्रीपासून सुरुवात करा. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हलकी. दांडी साधारण ८ मिलिमीटरची असते आणि एस ब्रॅकेट, स्टुडिओ फ्लॅश, बऱ्याच सीओबी एलईडींच्या ब्रॅकेटमधे तिच्यासाठी भोक असतं. उघड्या एलईडीचा उजेड खूप रुंद पसरतो, तो छत्रीच्या कडेबाहेर सांडतो. म्हणून एलईडीला छोटी चांदीची वाटी म्हणजे रिफ्लेक्टर लावा, आणि दांडी मागेपुढे करून उजेडाचं वर्तुळ छत्रीच्या काठापर्यंतच पोचेल असं बघा. फ्लॅश गनचं उलट आहे. तिचा उजेड सरळ पुढे जातो, म्हणून झूम २४ वर आणा किंवा तिचा रुंद पडदा ओढा.

सॉफ्टबॉक्समधे हाच फरक जास्त नडतो. स्टुडिओ फ्लॅशची नळी तोंडाबाहेर आलेली असते, ती बाजूच्या चांदीच्या कापडावरही उजेड टाकते आणि सॉफ्टबॉक्स कडेपर्यंत भरतो. एलईडीची चिप चपटी, आत बसलेली. कडा थोड्या मागे राहतात. फ्लॅश गन सगळ्यात वाईट, मधोमध चटका आणि कडा अंधाऱ्या. तुमचा सॉफ्टबॉक्स कोणत्या दिव्यावर कसा भरतो हे बघायला पुस्तक नको. कॅमेरा सॉफ्टबॉक्सच्या पांढऱ्या कापडाकडे रोखा, फ्रेम कापडानेच भरू द्या, आणि एक्स्पोजर इतकं खाली आणा की पांढरं कापड राखाडी दिसेल. मग मधला भाग आणि कोपरा यांत किती फरक आहे ते स्क्रीनवर सरळ दिसतं. हाच प्रयोग आतला पडदा लावून आणि काढून करा, फ्लॅशवर आणि एलईडीवर करा. अर्ध्या तासात तुमच्या सामानाबद्दल जे कळेल ते कोणत्याही व्हिडिओतून कळणार नाही. मधोमध चटका पडत असेल तर आतला पडदा परत लावा, एलईडीवर उजेड गेला तरी चालेल. किंवा गनवर प्लास्टिकची पांढरी टोपी चढवा.

ब्यूटी डिश (मधे तबकडी असलेली पसरट धातूची वाटी) मी नवीन माणसाला घेऊ देणार नाही. तिची मधली तबकडी बाहेर आलेल्या नळीच्या हिशेबाने बसवलेली असते. चपट्या एलईडीवर ती बसते, पण उजेडाचा पोत तसा येत नाही. लँटर्न म्हणजे गोल पांढरा कंदील मात्र एलईडीवर झकास. अंगणातल्या हळदीला बूमवरून मधोमध टांगला की सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर सारखा उजेड पडतो. फ्लॅश गनवर त्याचा उपयोग नाही, नळी उघडी असलेल्या फ्लॅशवर आहे. स्ट्रिप बॉक्स म्हणजे लांबट अरुंद सॉफ्टबॉक्स दोन्हीला चालतो.

बार्नडोअर म्हणजे चार पत्र्यांचं झडपं. पत्र्याचं असल्याने वितळायची भीती नाही, एवढंच.

पायरी ६: एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

जळगावच्या सराफ बाजारामुळे दागिन्यांचं काम आपल्याकडे मिळत राहतं, आणि दिवा बदलायचा सराव करायला त्याच्यासारखं दुसरं काम नाही. समजा नथ काढायची आहे. टेबलावर राखाडी कागद, नथ मेणाच्या ठिपक्यावर उभी. डाव्या बाजूला स्ट्रिप बॉक्स, रिंगच धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर.

आधी एलईडी लावा. सोन्यावर आणि मोत्यावर सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब कुठे पडतंय ते डोळ्यांना सलग दिसतं. बॉक्स थोडा पुढे सरकवला की मोत्यावरची पांढरी पट्टी बारीक होते. खाली घेतला की ती लाल खड्यात उतरते आणि खडा पेटल्यासारखा वाटतो. ही हलवाहलव फ्लॅशवर करायची तर प्रत्येक वेळी फोटो काढून बघावं लागतं. मोत्यावर पट्टीची कड फार टोकदार दिसत असेल तर बॉक्स आणि नथ यांच्यामधे बटर पेपर उभा धरा.

प्रतिबिंब मनासारखं आलं की एलईडी बंद करा, पाच मिनिटं निवू द्या, खटका दाबून मागून काढा आणि त्याच जागी फ्लॅश खोचा. बॉक्स हलला नाही तर प्रतिबिंब जवळपास तेच राहतं. नथ स्थिरच आहे, मग फ्लॅश कशाला? सराफाला एकच नथ नको असते. हातात घातलेली बांगडी, कानात डुलणारे झुमके, मानेवरचा हार, हे सगळं त्याच बैठकीत हवं असतं, आणि माणूस आला की एक सेकंदाचा शटर चालत नाही. शटर १/१६०, आयएसओ १००, छिद्र एफ/११. मग फ्लॅशची ताकद वाढवत-कमी करत हवा तो फोटो आणा. खोलीतली ट्यूबलाइट या सेटिंगला उमटत नाही. फ्लॅशविना एक फोटो काढून बघा, पूर्ण काळा यायला हवा.

उलट काम करताना, म्हणजे फ्लॅश काढून एलईडी घालताना, सेटिंग जुनंच राहिलं तर स्क्रीन काळी दिसेल. घाबरू नका, छिद्र उघडा आणि शटर खाली आणा. फ्लॅशच्या उजेडावर शटरचा परिणाम होत नाही, सिंकच्या मर्यादेत (कॅमेरा फ्लॅशबरोबर जास्तीत जास्त जितका वेगवान शटर चालवतो त्याच्या आत) असाल तोवर. एलईडीवर पूर्ण होतो. नवीन माणसाला दिवा बदलल्यावर जो गोंधळ वाटतो तो निम्मा याचाच असतो.

पायरी ७: रंग आणि लुकलुक

फ्लॅश आणि डेलाइट एलईडी दोन्ही ५६०० केल्विनच्या आसपास असतात, त्यामुळे फोटो आणि व्हिडिओ शेजारी ठेवले तर जुळतात. मात्र सॉफ्टबॉक्सचं कापड जुनं होऊन पिवळं पडलं असेल तर दोन्ही दिवे पिवळे दिसतील. दोन दिव्यांवर दोन वेगळ्या वयाचे सॉफ्टबॉक्स असतील तर चेहऱ्याची एक बाजू पिवळी येते. नवं-जुनं कापड एकाच सेटमधे मिसळू नका. मांडवातल्या पिवळ्या बल्बांशी जुळवायचं असेल तर रंग बदलणारा एलईडी सरळ ३२०० वर आणा, आणि फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावा. ते जिलेटिन सॉफ्टबॉक्सच्या बाहेर नाही, आत दिव्याच्या तोंडाशी. घेताना एलईडीचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ किंवा जास्त आहे ना, ते बघा. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल कमी सीआरआयला मातकट दिसतात.

आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूबा आणि मांडवातल्या स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. व्हिडिओत पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. तुमचा स्वतःचा चांगला एलईडी लुकलुकत नाही, पण अगदी स्वस्तातला दहा टक्क्यांवर आणला की करतो. तो मंद करण्यापेक्षा लांब सरकवा.

पायरी ८: कूलर, वारा, वायर

मे महिन्यातल्या मंगल कार्यालयात स्टँडचा खरा शत्रू म्हणजे भिंतीला लावलेला जम्बो कूलर. त्याच्या झोतात १२० चा ऑक्टा शिडासारखा फुगतो. ऑक्टाचं तोंड झोताकडे कधीच करू नका. स्टँडचा एक पाय दिव्याच्या पुढच्या बाजूला, सॉफ्टबॉक्सच्या बरोबर खाली यायला हवा, कारण वजन तिकडेच झुकतं. वाळूची पिशवी मागच्या पायावर. तयार पिशवी नसेल तर तापी-गिरणेच्या काठी वाळूला तोटा नाही. जाड कापडाच्या दोन थैल्या शिवून, चार-चार किलो भरून, पट्ट्याने जोडल्या की काम झालं. प्लास्टिकच्या गोणीतली वाळू हॉलच्या फरशीवर सांडते, मग हॉलवाल्याशी भांडण.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारख्या मोकळ्या जागेत सॉफ्टबॉक्स आणूच नका. दत्तजयंतीच्या दिवसांत तापीकाठी संध्याकाळी वारा असतो, धूळ असते, आणि घोड्याच्या तोंडावर अचानक फ्लॅश चमकवणं मालकालाही चालत नाही. तिथे एलईडी, छोटी वाटी, आणि हाताखालच्या पोराला "धरी ठेव भो" म्हणून स्टँडशी उभं करायचं.

फ्लॅश गनला बॅटरी असते, पण एलईडीबरोबर वायर येते आणि वायरीबरोबर माणसं अडखळतात. वायर दिव्यापासून स्टँडच्या पाइपाला गुंडाळत खाली आणा, पायाजवळ सुतळीने बांधा आणि तिथून पुढे जमिनीला टेप मारा. कोणी अडखळलं तर ओढ पायाला बसेल, वरच्या टोकाला नाही. अ‍ॅडॅप्टरचा जड डबा वर लोंबकळत ठेवू नका, खालच्या पायाला बांधा. जनरेटरवर असाल तर मांडववाल्याला आधीच सांगून वेगळा बोर्ड घ्या. डीजेच्या बोर्डवर दिवा लावला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला उजेड खाली-वर झाला तर नवल नाही.

काय आधी घ्यायचं

हातात आज एक फ्लॅश गन आहे आणि थोडेच पैसे आहेत असं धरलं, तर मी या क्रमाने घेईन: जाड दांड्याचा एक स्टँड आणि एस ब्रॅकेट, मग पांढरी छत्री, मग पटकन उघडणारा, दोन पडद्यांचा, ९० ते ९५ सेंटिमीटरचा ऑक्टा, बोवेन्स रिंगसकट. १२० चा घेऊ नका, ६० वॉटच्या एलईडीला तो भरत नाही आणि कूलरसमोर टिकत नाही. एलईडी त्यानंतर, बोवेन्सचाच. रिंग धरणारं ब्रॅकेट एलईडीबरोबरच मागवा. दुसरा स्टँड पहिल्याच जातीचा घ्या, म्हणजे हरवलेली किल्ली एकाची दुसऱ्याला लागते. स्टुडिओ फ्लॅश सगळ्यात शेवटी, जेव्हा दिवसाउजेडीची कामं यायला लागतील तेव्हा.

काम संपल्यावर एलईडीचा पंखा थांबेपर्यंत तो पिशवीत टाकू नका, आणि काळं झाकण थंड झाल्यावरच लावा. स्टुडिओ फ्लॅश बंद केल्यावर टेस्टचं बटण एकदा दाबून आतला उरलेला साठा मोकळा करा. नळीला उघड्या बोटांनी हात लावू नका, तेलकट डाग पडला तर तिथे ती तापून तडकू शकते. सॉफ्टबॉक्स कूलरच्या ओलाव्याने दमट झाला असेल तर घरी आल्यावर रात्रभर उघडा ठेवा. स्टँडच्या पायांना आणि सॉफ्टबॉक्सच्या रिंगला एकाच रंगाची टेप लावून ठेवा. रात्री दोन वाजता मांडववाल्याचे पाइप आणि तुमचे स्टँड एकाच टेम्पोत चढायला लागतात.